अठरा मीटर

सभापतीबाई, माझं नाव उबाल्दो विन्क्लार.
मी शास्त्रज्ञ नाही. त्या घराची देखभाल करतो.
नळ्या तपासतो, खिडक्यांवरचं शेवाळ खरवडतो,
धुतलेले कपडे डब्यात बंद करून खाली नेतो.
तुमच्या कागदावर आम्ही एक ओळ आहोत: "इतर खर्च".
त्या ओळीबद्दल बोलायला आलोय.

आधी घर सांगतो.
त्याच्या जमिनीला भोक आहे, झाकण नाही.
समुद्र तिथे उंबरठ्याशी येऊन थांबतो
आतल्या हवेचा मान राखून,
रात्रंदिवस.
असा शेजारी मला क्रालेंडाइकमध्ये मिळालेला नाही.

खाली सोडा फसफसत नाही. पाव चेपतो.
जेवण मचूळ लागतं, सगळे मिरचीचा सॉस ओततात.
आणि शिट्टी वाजत नाही.
हवा इतकी दाट, ओठांतून नुसती फुंकर निघते.

तुम्ही म्हणाल, पाणबुडे जातातच की, तासाभरात परत येतात.
येतात. पाहुण्यासारखे.
पाहुण्याला माशाची पाठच दिसते.
मला रोज सकाळी खिडकीशी एक हेकरू दिसतो,
ओठ फाटलेला. तो गळ माझ्या भावाचा होता.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.
आपण तर राहिलोच नाही,
वैर मात्र बोटीतून, वरच्या वर, पिढ्यान्‌पिढ्या.

पोपटमासा रोज रात्री स्वतःच्या लाळेची खोली विणतो,
पहाटे सोडून जातो. दुरुस्ती नाही, काही नाही.
मला त्याचा हेवा वाटतो.

एकदा, पुनवेनंतरची सहावी रात्र,
पोवळ्यांनी एकदम गुलाबी दाणे सोडले.
जणू आपल्या मिठागरातलं मीठ
उलटं, वर पडायला लागलं.
आम्ही चौघं भोकाच्या काठावर पाय सोडून बसलो होतो.
कुणी बोललं नाही. डॉक्टरीणबाईंची पेन्सिल पाण्यात पडली,
ती त्यांनी काढलीसुद्धा नाही.

ते हॉटेलवाले माझ्या बाजूने बोलतात, मला नको.
म्हणे जमीन बुडाली की तिथे राहू.
बुडत्याचा पाय खोलात, एवढंच त्यात आहे.
हे घर ज्याला सांभाळता आलं नाही
त्याला मी त्या घराची किल्ली का द्यावी?
तसं तिथे कुलूप नाही, पण समजा.

आणि अरुंद, दूरच्या घराची भीती मला घालू नका.
दक्षिणेला मिठाच्या ढिगांशी त्या पांढऱ्या खोपट्या आहेत ना,
कमरेइतक्या दाराच्या,
त्यांत माझा खापरपणजा वाकून शिरायचा.
आठवडा सरला की रिंकोनपर्यंत पायी, सात तास.
त्याला कुणी विचारलं नव्हतं.
मला विचारलं. मी हो म्हणालो.

आता ते सांगतो, जे तुम्ही विचारणारच आहात.
आई गेली तेव्हा मी खाली होतो.
अठरा मीटर. सहा मजले म्हणा.
पण दाब उतरवल्याशिवाय वर येता येत नाही,
रक्ताला सतरा तास लागतात.
सतरा तास मी बाकावर बसून नळीतली हवा मोजत होतो.
आई बकऱ्यांना शिट्टीने बोलवायची.
मी प्रयत्न केला.
नुसती फुंकर.

म्हणून मी हे फुकट आहे असं म्हणत नाही.
म्हणतो ते इतकंच:
आपल्याकडे नकोशा माणसाला पाण्यात पाहतात.
मी सव्वीस वर्षं पाण्यात पाहतोय,
सगळ्यांना. तुम्हालाही, काचेतून, वर, बोटींच्या पोटांतून.
राग येत नाही.
कचरा टाकता तेव्हा येतो थोडा.

सभापतीबाई म्हणाल्या, वेळ संपली.
निर्णय पुढच्या बैठकीत.

बाहेर ऊन होतं, गाड्यांमध्ये एक गाढव उभं.
मी ओठ मिटले, फुंकलं.
वाजली. इतक्या जोरात
की गाढवाने मान वळवली,
आणि पहारेकरी म्हणाला, काय हो, कुणाला बोलावताय?